छतातल्या खिडकीची लाकडी फ्रेम: घासण्यापासून शेवटच्या हातापर्यंत

पुढचं वाचायच्या आधी एक काम करा. छतातल्या खिडकीपाशी जा आणि काचेच्या खालच्या अंगाला जी आडवी लाकडी पट्टी असते तिच्यावरून बोट फिरवा, काच लाकडात शिरते अगदी त्या कडेने. बोट गुळगुळीत सरकलं तर तुमचं काम अर्ध्या दिवसाचं आहे. खरखरीत लागलं, पोपडा नखाला लागून निघाला किंवा कोपऱ्यात काळपट डाग दिसला तर दोन-तीन दिवस मोकळे काढून ठेवा. आणि लाकूड नखाखाली दबलंच तर मात्र लगेच हात घाला, कारण तिथे प्रश्न रंगाचा उरलेला नाही, लाकडाचाच झालाय.

माझ्या माळ्यावरच्या दोन खिडक्या मी बरीच वर्षं स्वतःच करतोय. पहिल्या वेळी मी सगळ्यांसारखंच केलं, डाग दिसला की वरून वॉर्निशचा हात मारला आणि झालं म्हटलं. एक हिवाळा गेला आणि तोच डाग दुप्पट मोठा होऊन वर आला. तेव्हापासून माझं ठाम मत झालंय की या फ्रेमचं काम म्हणजे नव्वद टक्के पाण्याचा बंदोबस्त आणि लाकूड कोरडं करणं, ब्रश हातात घेणं हे सगळ्यात शेवटचं आणि सगळ्यात सोपं काम. म्हणून या लेखात रंगापेक्षा ओलीबद्दल जास्त लिहिलंय, ते वगळू नका.

खालचीच पट्टी का सडते

भिंतीतली खिडकी उभी असते, छतातली तिरकी, आणि सगळा फरक तिथूनच सुरू होतो. घरातली गरम दमट हवा वर चढते, वर सगळ्यात गार वस्तू असते ती काच, मग काचेला घाम येतो. आकड्यात सांगायचं तर खोलीत २० अंश सेल्सिअस आणि आर्द्रता ५० टक्के असेल तर साधारण ९ अंशांच्या खाली गेलेल्या कुठल्याही पृष्ठभागावर पाणी धरायला लागतं, पण तीच आर्द्रता ७० टक्के झाली की १४ अंशांवरच धरतं. म्हणजे आंघोळीची वाफ, स्वयंपाकाची वाफ, आत वाळत घातलेले कपडे, बंद खोलीत झोपलेली दोन माणसं, एवढ्यानेसुद्धा थंडीच्या रात्री काच ओली व्हायला पुरतं. मग थेंब तिरक्या काचेवरून घसरत खाली येतात आणि खालच्या पट्टीवर येऊन थांबतात. रोज रात्री थोडं, पण रोज.

दुसरीकडून ऊन. छताची खिडकी आकाशाकडे तोंड करून असते त्यामुळे ऊन भिंतीच्या खिडकीपेक्षा जास्त वेळ आणि जास्त सरळ पडतं. साधी काच अतिनील किरणं पूर्ण अडवत नाही, आणि ही किरणं लाकडातलं लिग्निन मोडतात, लिग्निन म्हणजे लाकडाच्या तंतूंना धरून ठेवणारा चिकट घटक. तो मोडला की वरचा थर भुसभुशीत होतो आणि लॅकरची, म्हणजे लाकडावरच्या वॉर्निशसारख्या संरक्षक थराची, पकड सुटते. लॅकरला केसाएवढी चीर पडायचा अवकाश, पाणी आत शिरतं, आत गेल्यावर त्याला बाहेर यायला वाट नसते कारण आजूबाजूचं लॅकर अजून घट्ट असतं, मग ते आतून लॅकर उचलतं, पांढुरके फुगे दिसतात, पोपडे निघतात. लाकडातला ओलावा २० टक्क्यांच्या वर बराच काळ राहिला की कुजवणाऱ्या बुरशीला रान मोकळं मिळतं.

आपली खिडकी कुठल्या जातीची आहे ते ओळखा

बहुतेक छतखिडक्या पाइनच्या असतात, पातळ फळ्या चिकटवून केलेल्या, कारखान्यातच बुरशीरोधक द्रावण आणि मग पाण्यातलं पारदर्शक लॅकर किंवा पांढरा रंग मारलेला. भिंतीला (म्हणजे छताला) पक्की असते ती चौकट आणि काचेसकट हलते ती झडप. बाहेरच्या बाजूला बहुतेक वेळा धातूचं आवरण असतं, ते बाहेरच्या लाकडाची काळजी घेतं, त्याला हात लावू नका. आपलं काम आतल्या लाकडाचं.

काही पांढऱ्या खिडक्या लाकडी दिसतात पण लाकडाच्या गाभ्यावर पॉलियुरेथेनचा अखंड थर ओतलेला असतो. नीट बघा, कोपऱ्यात लाकडाचे सांधे दिसत नाहीत, लाकडाच्या रेषा दिसत नाहीत, हाताला प्लास्टिकसारखं लागतं. अशी खिडकी घासायची नसते, ओल्या फडक्याने पुसायची बस्स. एकदा घासली की तो थर गेला आणि मग आयुष्यभर रंगवत बसा.

झडप मधल्या अक्षावर फिरणारी असेल तर नशीब चांगलं, कारण ती जवळपास पूर्ण उलटी होते आणि बाहेरची काच व झडपेच्या कडा आत उभं राहूनच हाताला येतात. अशा खिडकीला झडप उलट्या अवस्थेत अडकवून ठेवायला एक छोटी खिटी असते, बाजूला किंवा खाली, ती शोधून आधी खाचेत बसवा. झडप वरच्या कडेने उघडणारी असेल तर सोबतचं माहितीपत्रक बघा, त्यातल्या काही उलट्या होतात काही होत नाहीत. झडप काढून टेबलावर घेऊन काम करायचा मोह होतो, मी सांगेन टाळा, दुहेरी काचेची झडप वजनाला फार भारी असते, दोघं असल्याशिवाय उतरवू नये आणि खाली कोणी असताना तर अजिबात नाही.

झडप उघडली की वरच्या कडेला धातूची किंवा कागदी छोटी पट्टी दिसेल, त्यावर मॉडेल आणि साइझचा कोड असतो. फोटो काढा आणि त्यावर टेप लावून टाका. ही पट्टी रंगात गेली की पुढे रबर, फिल्टर किंवा पडदा मागवताना कपाळावर हात मारायची वेळ येते.

किती बिघडलंय ते तपासा

तीन चाचण्या, मिळून दहा मिनिटं. पहिली, लाकडावर चार-पाच ठिकाणी पाण्याचा एकेक थेंब टाका आणि थोडा वेळ थांबा. थेंब मण्यासारखा फुगून राहिला तर लॅकर शाबूत. थेंब पसरला आणि खालचं लाकूड गडद झालं तर तिथे लॅकर संपलंय, दिसायला चकचकीत असलं तरी. दुसरी, मास्किंग टेपचा तुकडा दाबून बसवा आणि झटकन ओढा, टेपला लॅकरचे तुकडे चिकटून आले तर ते सगळं काढावंच लागणार, त्यावर नवीन हात टिकणार नाही. तिसरी, बारीक स्क्रूड्रायव्हर घेऊन खालच्या दोन्ही कोपऱ्यांत आणि सांध्यांत हलकेच टोचा. चांगलं लाकूड टोकाला विरोध करतं आणि टुक्क आवाज येतो, कुजलेलं मऊ लागतं आणि टोक आत जातं.

हे पण बघून घ्या की ओल आतल्या घामाची आहे का बाहेरून गळतंय. घामाची ओल थंडीच्या दिवसात सकाळी दिसते, काचेच्या खालच्या भागात आणि खालच्या पट्टीवर असते. बाहेरून गळणारं पाणी पाऊस झाल्यावर दिसतं आणि बहुतेकदा वरच्या कोपऱ्यातून किंवा चौकट आणि भिंतीच्या फटीतून डाग येतात. गळती असेल तर आधी ती बंद करा, छतावरच्या पत्र्याच्या पट्ट्या, साचलेला पालापाचोळा, तडकलेलं कौल, आणि छतावर चढायचं काम ज्याचं त्यानेच करावं. गळत्या खिडकीला आतून रंगवणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

दिवस कुठला निवडायचा

सलग दोन-तीन दिवस पाऊस नाही, हवा १० अंशांच्या वर आणि फार दमट नाही असे दिवस बघा. खिडकी रात्रीसुद्धा थोडी उघडी ठेवावी लागणार आहे हे लक्षात ठेवून ठरवा. आणि ऊन थेट खिडकीवर असताना हात मारू नका, तापलेल्या लाकडावर पाण्यातलं लॅकर ब्रशखालीच सुकतं आणि ब्रशच्या रेघा तशाच राहतात. मी घासायचं काम दुपारी करतो आणि लॅकर सकाळी लवकर किंवा खिडकीवरचं ऊन सरकल्यावर.

सामान फार लागत नाही: ८०, १२०, १८० आणि २४० नंबरचा सँडपेपर, कॉर्कचा किंवा रबरी ठोकळा, चांगली मास्किंग टेप, मायक्रोफायबरची फडकी, सिंथेटिक केसांचा दीड ते दोन इंची ब्रश आणि एक अगदी छोटा ब्रश, पाण्यातलं लॅकर, धुळीचा मास्क एफएफपी२ किंवा एन९५ दर्जाचा, चष्मा. मास्क आणि चष्म्यात काटकसर नको, डोक्याच्या वर घासताना सगळी धूळ तोंडावरच येते. उभं राहायला पक्कं स्टूल किंवा घडीची शिडी घ्या, खुर्चीवर उशी ठेवून वगैरे चढू नका, आणि झडपेला धरून तोल सावरायचा नाही, ती फिरते.

साफसफाई

पडदे, ब्लाइंड काढा. कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब, फडकं पिळून घ्या आणि सगळं लाकूड पुसा, मग साध्या पाण्याच्या फडक्याने, मग कोरड्याने. तेलकट, मेणचट थर राहिला आणि त्यावर घासलं तर तो लाकडात आणखी खोल जातो, म्हणून आधी धुणं मग घासणं, हा क्रम बदलायचा नाही.

काळे ठिपके बुरशीचे असतील तर कोरड्या ब्रशने झाडू नका, बीजं खोलीभर उडतात. खिडकी उघडी, हातमोजे, आणि ७० टक्के अल्कोहोलने फडकं ओलं करून पुसा, फडकं लगेच टाकून द्या. अल्कोहोल पेट घेतं, तेव्हा जवळ ज्योत किंवा चालू हीटर नको. डाग रंगाने खोल गेला असेल तर पातळ केलेलं ब्लीच छोट्या ब्रशने फक्त डागावर लावा, १० मिनिटांनी पाण्याने दोनदा पुसून काढा. ब्लीच असेल तिथे व्हिनेगर, दुसरं कुठलंही ॲसिड किंवा अमोनियाचा काचेचा स्प्रे यातलं काहीही नको, विषारी वायू तयार होतो आणि माळ्यावरची छोटी खोली लगेच भरते.

घासणं, इथे घाई केलीत तर सगळं वाया

आधी काचेच्या कडेने टेप. टेप काचेवर लावा, लाकडाला अगदी भिडून, आणि दोन पदरी लावा, कारण सँडपेपरची कड एक पदर सहज फाडते. माझ्या एका काचेवर खालच्या कोपऱ्यात अर्धचंद्रासारखे तीन ओरखडे आहेत, टेप फाटलेली दिसली होती पण म्हटलं आता संपतंच आलंय. ते ओरखडे ऊन आलं की अजून चमकतात. रबरी पट्ट्या जिथे सहज ओढून निघतात तिथे काढून ठेवा, कुठली कुठे होती त्याचा फोटो काढून, निघत नसतील तर त्यांवरही टेप.

खोली जुनी असेल आणि रंगाचे बरेच थर दिसत असतील तर कोरडं घासायच्या आधी शिशाची चाचणी करून घ्या, त्याची किट मिळतात. शिसं निघालं तर धूळ उडवायची नाही, ओलं घासायचं किंवा सरळ जाणकाराला द्यायचं, घरात लहान मूल किंवा गरोदर बाई असेल तर दुसरा विचारच नको.

लॅकर शाबूत असेल, नुसतं निस्तेज झालं असेल, तर १८० किंवा २४० ने सगळीकडे हलकं घासा, चमक जाऊन दुधाळ मॅट दिसेपर्यंत, बस्स, नवीन हाताला पकड मिळाली. लॅकर सुटलेलं असेल तर ८० ने सुरू करा, पण फक्त सुटलेल्या जागी, लाकूड उघडं झालं की १२० आणि मग १८०. एकेक नंबर गाळून उडी मारू नका, ८० च्या रेघा १८० ने जात नाहीत, त्या नुसत्या झाकल्यासारख्या वाटतात आणि लॅकर लागलं की डोळ्यात भरतात.

रेषांच्या दिशेनेच घासायचं. सरळ पट्टीवर हे सोपं, खरी परीक्षा कोपऱ्यात, जिथे उभी पट्टी आडव्या पट्टीला भेटते आणि रेषा एकदम काटकोनात वळतात. तिथे मी असं करतो: आधी आडवी पट्टी सांध्यापर्यंत पूर्ण घासून घेतो, मग सांध्याच्या रेषेवर टेपचा एक तुकडा लावतो आणि उभी पट्टी त्या टेपपर्यंत घासतो. टेपवर पेपर आपटतो पण आडव्या पट्टीवर आडवे ओरखडे येत नाहीत. कोपऱ्याच्या आत बोटाने घासू नका, बोट खड्डा पाडतं, रंग ढवळायच्या जुन्या काडीला पेपर गुंडाळून घ्या. मशीन वापरायचं तर त्रिकोणी तोंडाचं छोटं, आणि काचेजवळच्या शेवटच्या दोन सेंटीमीटरला हातच.

आणखी एक गोष्ट जी फार कमी लोक करतात: धारदार कडा १८० ने जराशा गोल करा, एक-दीड मिलिमीटर पुरे. धारेवर लॅकर थांबत नाही, दोन्हीकडे ओघळतं आणि नेमक्या धारेवर थर पातळ राहतो, म्हणून चीर नेहमी तिथूनच सुरू होते.

हीट गन वापरू नका. गरम हवेने काच तडकू शकते आणि दुहेरी काचेचं सील बिघडलं की दोन काचांच्या मध्ये कायमची वाफ धरते. रंग काढायची केमिकल्ससुद्धा इथे मी टाळतो, रबराला आणि काचेच्या सीलला ती सोसत नाहीत. स्टील वूलही नको, त्याचे बारीक कण लाकडात राहतात आणि पाण्यातल्या लॅकरखाली गंजून तांबडे ठिपके देतात.

डाग आणि मऊ लाकूड

घासूनही करडेपणा राहिला किंवा खिळ्या-स्क्रूभोवती निळसर काळा डाग असेल तर ऑक्झॅलिक ॲसिड कामाला येतं. १ लिटर कोमट पाण्यात साधारण ५० ग्रॅम, प्लास्टिकच्या भांड्यात, हातमोजे आणि चष्मा घालून. फक्त डागावर लावलं तर तिथे फिकट ठिपका उठून दिसतो म्हणून पूर्ण पट्टीला लावा, १५-२० मिनिटांनी साध्या पाण्याने दोन-तीनदा पुसून काढा. हे विषारी आहे, मुलांच्या हाती लागू देऊ नका, आणि ज्या दिवशी ब्लीच वापरलं त्या दिवशी हे नको, मधे नीट धुऊन वाळू द्या. बुरशीने आत गेलेला निळा रंग मात्र याने जात नाही. तो तसाच राहू द्या किंवा फ्रेम पांढरी रंगवायचा विचार करा, लाकूड टणक असेल तर निळ्या डागाने ताकद कमी झालेली नसते.

मऊ लागलेली जागा टोकदार पात्याने खरवडून काढा, टणक लाकूड लागेपर्यंत. काही मिलिमीटरचा खड्डा असेल तर पूर्ण वाळू द्या, लाकूड घट्ट करणारं द्रावण पाजा आणि दोन भागांचं इपॉक्सी फिलर भरा, जरा उंच भरा म्हणजे नंतर सपाट घासता येईल. नेहमीची भिंतीची लांबी (पुट्टी) इथे चालत नाही, ती पाणी पिते आणि दोन महिन्यांत निखळते. कोपऱ्याचा सांधाच मऊ झाला असेल, झडप उघडताना सांधा हलताना दिसत असेल, तर दुरुस्ती करू नका, त्या सांध्यावर अख्ख्या काचेचं वजन आहे. झडप बदलून मिळते, मॉडेलचा कोड मगाशी फोटो काढून ठेवलाच आहे.

आता थांबायचं. धुतलेलं, ओलं केलेलं लाकूड निदान एक पूर्ण दिवस वाळू द्या, खालची पट्टी आणि कोपरे दोन दिवस. ओलावा मोजायचं छोटं मीटर असेल तर उत्तम, १५ टक्क्यांच्या खाली आलं की पुढे जा. मीटर नसेल तर उघड्या लाकडावर पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेपने चिकटवून रात्रभर ठेवा, सकाळी प्लास्टिकच्या आत दमटपणा दिसला तर अजून एक दिवस.

काय लावायचं

घरातल्या बाजूसाठी मी पाण्यातलं ॲक्रिलिक किंवा पॉलियुरेथेन लॅकर घेतो, मॅट किंवा सॅटिन. ते पिवळं पडत नाही, वास कमी, लवकर सुकतं, आणि कारखान्यातलं मूळ लॅकर याच जातीचं असल्यामुळे जुन्यावर नीट बसतं. अतिनील किरणं अडवणारं म्हणून डब्यावर लिहिलंय का बघा, या खिडकीला ते हवंच. जवसाचं तेल दिसायला सुंदर पण घाम येणाऱ्या काचेखाली ते काळं पडतं, शिवाय तेलाची फडकी गोळा करून ठेवली तर आपोआप पेट घेऊ शकतात, ती पसरून वाळवावी लागतात किंवा पाण्यात बुडवून ठेवावी लागतात. पांढरं करायचं असेल तर गाठींवर आधी शेलॅकवर आधारित प्रायमरचा हात द्या, नाहीतर पाइनची राळ काही महिन्यांत पिवळे गोल काढते.

लॅकर ढवळायचं, डबा गदगदा हलवायचा नाही, फेस होतो. काठीने तळापासून ढवळा, मॅट करणारी पूड तळाशी बसलेली असते. धूळ व्हॅक्यूमने ओढा, मग किंचित ओलसर मायक्रोफायबरने पुसा. जुनी टेप काढून नवी लावा, घासताना ती फाटलेली असते.

क्रम असा: झडप उलटी करून खिटी लावा, आधी झडपेच्या एरवी लपलेल्या कडा, मग आतली तोंडं, वरून खाली, शेवटी चौकट. ब्रश एक तृतीयांशच बुडवा, लॅकर लाकडावर ठेवा, लांब हाताने रेषांच्या दिशेने पसरवा आणि सोडून द्या. मागे वळून पुन्हा ब्रश फिरवायचा मोह आवरा, पाण्यातलं लॅकर पाच मिनिटांत ओढायला लागतं. कोपऱ्यात जमलेला थेंब मात्र कोरड्या ब्रशच्या टोकाने उचलून घ्या. सांध्यांमध्ये जिथे लाकडाचं कापलेलं तोंड दिसतं तिथे छोट्या ब्रशने पहिल्याच फेरीत दोनदा पाजा, कापलेलं तोंड म्हणजे नळ्यांचा जुडगाच, बाकीच्या लाकडापेक्षा कितीतरी पट वेगाने पाणी ओढतं. खाली पाणी जायला छोटी भोकं किंवा खाचा असतील तर त्या बुजू देऊ नका.

पहिला हात सुकला की लाकूड पुन्हा खरखरीत लागेल. घाबरू नका, पाण्याने तंतू उभे राहतात, २४० ने हलक्या हाताने फिरवा, पुसा, दुसरा हात. उघड्या लाकडावर तीन हात, नुसत्या निस्तेज फ्रेमवर दोन, आणि खालच्या पट्टीला सगळ्यांपेक्षा एक जास्त. दोन हातांमधला वेळ डब्यावर दिलेला असतो, बहुतेकदा दोन ते चार तास, हवा दमट असेल तर त्याच्या दीडपट धरा. टेप शेवटचा हात अर्धवट ओला असतानाच काढा, पूर्ण सुकल्यावर ओढली तर लॅकरची कड सोबत घेऊन येते.

बंद करायची घाई नको

हाताला कोरडं लागणं आणि खरंच वाळणं यात फरक आहे. पाण्यातलं लॅकर तासाभरात हाताला लागत नाही पण दाबाखाली चिकटतं. एकदा संध्याकाळी पाऊस येईल असं वाटलं म्हणून मी झडप बंद करून कडी लावली, सकाळी उघडताना चर्र असा आवाज आला आणि रबराची काळी रेघ नव्या लॅकरवर उमटली, काही ठिकाणी लॅकरच रबराला चिकटून गेलं. ती अख्खी बाजू पुन्हा घासावी लागली. म्हणून किमान २४ तास झडप थोडी उघडी, पाचर लावून, आणि अगदीच बंद करायची वेळ आली तर रबर आणि लाकडाच्या मध्ये सिलिकॉन लेप असलेल्या बेकिंग पेपरच्या पट्ट्या ठेवा. पुढचे दोन-तीन आठवडे साबणाने चोळू नका, तोपर्यंत लॅकर आतून कडक होत असतं.

रबरी पट्ट्या परत बसवताना साध्या ओल्या फडक्याने पुसा, कडक झाल्या असतील, चिरा दिसत असतील तर नव्या घ्या. बिजागरीला तेलाचा एक थेंब, लाकडावर सांडू न देता. हवा येण्याच्या फटीत फिल्टर असेल तर काढून कोमट पाण्यात धुवा, वाळवा, बसवा, तो तुंबला की हवा खेळत नाही आणि घाम वाढतो.

घाम कमी करा

दिवसातून दोन-तीनदा दहा मिनिटं खिडकी पूर्ण उघडा, दिवसभर किलकिली ठेवण्यापेक्षा हे चांगलं. छोटं आर्द्रता मीटर खोलीत ठेवा, ४० ते ६० टक्क्यांच्या मध्ये राहिलं पाहिजे. थंडीत ब्लाइंड पूर्ण खाली ओढून झोपत असाल तर काचेपर्यंत गरम हवा पोचत नाही आणि काच आणखी गार पडते, खाली वीतभर फट ठेवा. हीटर शक्यतो खिडकीच्या खाली. खिडकीभोवतीचं अस्तर नव्याने करायची वेळ आली तर खालची बाजू जमिनीला काटकोनात उभी आणि वरची बाजू आडवी ठेवून घ्या, म्हणजे गरम हवा काचेवरून फिरते, सगळ्या बाजू छताच्या उताराला काटकोनात केलेल्या खोक्यात ती कोंडते. आणि सकाळी काच ओली दिसली की खालची पट्टी फडक्याने पुसून घ्या, अर्ध्या मिनिटाचं काम.

खिडक्या बनवणारे साधारण दर ४ वर्षांनी नवा हात द्या म्हणतात, बाथरूम, किचन किंवा भरपूर ऊन येणाऱ्या खोलीत दर २ वर्षांनी. मी तारखेपेक्षा थेंबाची चाचणी मानतो, वर्षातून दोनदा, हिवाळ्याच्या आधी आणि नंतर. उरलेलं लॅकर छोट्या बाटलीत काठोकाठ भरून ठेवा, हवा कमी राहिली की साय धरत नाही, गोठेल अशा जागी ठेवू नका, आणि बाटलीवर तारीख, कुठली खिडकी आणि मॅट का सॅटिन ते लिहा. मधे कधी पडद्याच्या क्लिपने ओरखडा पडला तर त्याच संध्याकाळी २४० ने दोन हात फिरवून छोट्या ब्रशने तेवढीच जागा भरून टाका.